कांद्याच्या बरणीतली कोल्ड कॉफी

आमच्या पोर्ट आर्डनमध्ये माणूस पारखायचा असेल तर त्याचं घर बघून उपयोग नाही, गाडी बघूनही नाही. कोल्ड कॉफीचे पैसे द्यायची वेळ आली की त्याचा हात खिशाकडे किती चटकन जातो ते बघायचं. मी हे आयुष्यभर बघत आले आहे, कारण ते पैसे माझ्याच गल्ल्यात पडतात.

माझं दुकान कौन्सिलच्या डेपोसमोर आहे. वडील ग्रीसहून आले, मासेमारीत राम उरला नाही म्हणून त्यांनी हे दुकान टाकलं आणि ते गेल्यावर दुकान माझ्या गळ्यात पडलं. पाव, वर्तमानपत्रं, गळाला लावायचं आमिष, खिमा भरलेल्या पेस्ट्या, सगळं विकते. पण खरा धंदा चालतो तो एका उभ्या फ्रिजवर. त्यात कोल्ड कॉफीची कार्टनं, दुधाची असतात तसली कागदी खोकी, रांगेनं उभी असतात. इथला उन्हाळा माणसाला तळून काढतो, आणि अशा उन्हात गरम चहा पिणारा माणूस एक तर नवखा असतो नाही तर पाद्री.

डेपोतली रस्ते दुरुस्त करणारी टोळी चौघांची होती. मर्व्ह मुकादम, टॉड, केल्विन आणि लायल शुबर्ट. सकाळच्या सुट्टीत चौघं माझ्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसायचे आणि चौघांची कॉफी रोज एक जण पाजायचा. आज मर्व्ह, उद्या टॉड, असं. कुणी लिहून ठेवत नसे, कुणी बोलून दाखवत नसे, पण आज नंबर कुणाचा हे चौघांनाही ठाऊक असायचं. आजारी पडलेला माणूस कामावर परत आला की बॅग ठेवायच्या आधी माझ्या फ्रिजचं दार उघडायचा.

मी एकदा मर्व्हला म्हटलं होतं, "अरे, प्रत्येकानं आपापली घेतली तरी खर्च तेवढाच ना?"

मी त्याला बायको बदलायला सांगितल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला. "फोटी," तो म्हणाला, "मग सगळेच फिट्टंफाट होतील. आणि फिट्टंफाट झालेली माणसं दुसऱ्या दिवशी एका बाकावर कशाला येऊन बसतील?"

मर्व्ह एरवी शहाणपणाचं बोलणाऱ्यातला नाही, म्हणून हे माझ्या लक्षात राहिलं.

लायल आणि केल्विन यांचं मात्र त्या बाकापलीकडचं होतं. दोघं डेपोत लागले तेव्हा दोघांनाही मिसरूड फुटत होतं. पुढे लायलनं एक छोटी होडी घेतली आणि रविवारी दोघं त्यातून मासे धरायला जायचे. परत येताना पेटीत मासे कमी आणि तोंडात एकमेकांच्या तक्रारी जास्त. केल्विनची बायको एका ट्रकवाल्याबरोबर निघून गेली त्या हिवाळ्यात केल्विनचा खिसा आणि डोकं दोन्ही रिकामं झालं होतं. त्याचा नंबर आला की लायल आधीच काउंटरवर कार्ड टेकवून उभा असायचा. "आज माझाच आहे रे. तुझा परवा होऊन गेला की," असं माझ्यासमोर धडधडीत खोटं बोलायचा. केल्विन खाली बघत कार्टन उचलायचा. पुन्हा उन्हं तापायला लागेपर्यंत हे चाललं. नंतर दोघांनी त्याचं कधी नाव काढलं नाही. इथल्या पुरुषांना काही सांगायचं असलं की ते एकमेकांच्या गाडीचं इंजिन उघडून बघतात.

मागल्या ऑक्टोबरात एका सोमवारी लायलचा नंबर होता. टॉड आणि केल्विन सवयीनं फ्रिजपाशी येऊन उभे राहिले. लायल दुकानात आलाच नाही. बाहेर बाकावर बसला आणि डब्याच्या पिशवीतून त्यानं एक बरणी काढली. व्हिनेगरमध्ये मुरवलेले कांदे मिळतात ना, ती जुनी बरणी, पिवळ्या झाकणाची. आत कॉफी.

केल्विन दारातूनच म्हणाला, "काय रे, डॉक्टरनं काही सांगितलंय का?"

"नाही रे. घरीच करून बघतोय. स्वस्तात पडते, आणि साखरही आपल्या मनासारखी घालता येते."

"म्हणजे आता तू ह्यात नाहीस?"

"माझं मी आणत जाईन. तुम्ही तिघं चालू ठेवा."

माझ्या चिमट्यातली पेस्टी चिमट्यातच राहिली. आमच्या गावात माणसानं चर्च बदललं तर दोन रविवार कुजबुज होते आणि विषय संपतो. पण तीस वर्षं एका बाकावर बसलेल्या माणसानं तुम्ही तिघं चालू ठेवा म्हणणं म्हणजे फारच झालं. मर्व्हनं तीन कार्टनं काढली आणि पैसे दिले. तिघं बाकाच्या एका टोकाला सरकून बसले. लायल दुसऱ्या टोकाला बसून बरणी हलवत राहिला.

मग काय, त्याचं नाव लोणचं पडलं. "काय लोणचं, आज मुरलंय का?" "लोणच्या, बटाट्याच्या सालीचा चहा कधी करतोस?" लायल हसायचा. कुणी कान दिला तर कृती पण सांगायचा, अगदी मनापासून. थोड्याशा गरम पाण्यात कॉफीची पूड आणि साखर घालून फेस येईपर्यंत घोटायची. ती गार झाली की निम्मी बर्फाच्या साच्यात ओतून गोठवायची. सकाळी बरणीत ते कॉफीचे खडे, उरलेली कॉफी, वर थंड दूध, तेही पावडरीचं, आणि चिमूटभर मीठ. "साध्या पाण्याचा बर्फ घातला की शेवटच्या घोटाला गटार होतं," तो म्हणायचा. "ह्याचा बर्फ वितळला तरी कॉफीच वितळते." मी एकदा बरणीचा वास घेतला होता. खोटं कशाला बोलू, कांद्याचा वास येत होता.

लायल पैसे साठवतोय हे आंधळ्यालाही दिसत होतं. कशासाठी, ते गावानंच ठरवून टाकलं. लायल कॅरव्हान, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, घेणार आणि निवृत्त झाल्यावर बायकोला घेऊन देश बघत फिरणार. नोव्हेंबरात त्यानं होडी विकली तेव्हा तर खात्रीच पटली. केल्विनला होडी विकल्याचं ती घेणाऱ्या गिऱ्हाइकाकडून कळलं. ते त्याला फार लागलं. संध्याकाळी सिगरेट घ्यायला आला तेव्हा म्हणाला, "कॅरव्हानसाठी माणूस इतका घसरतो? कॉफी पाजवत नाही, होडी विकतो आणि सांगत पण नाही?" मी म्हटलं, "मग विचार ना त्याला." तो म्हणाला, "मी का विचारू? त्याला तोंड आहे की."

तोंड दोघांनाही होतं. त्याचा उपयोग मात्र दोघांनीही थट्टेपलीकडे केला नाही.

नाताळच्या आधीची गोष्ट, म्हणजे आमच्याकडचा भर उन्हाळा. अशी गरम हवा सुटली होती की माश्यासुद्धा भिंतीला चिकटून बसलेल्या. सुट्टीत लायलनं पिशवीतून एकाऐवजी दोन बरण्या काढल्या आणि बाकाच्या ह्या टोकाकडून उठून त्या टोकाला गेला.

"केल्व, ही तुझी. दोन साखर, तुला लागते तशी."

केल्विनच्या हातात नुकतंच घेतलेलं कार्टन होतं. "माझी आहे की माझ्याकडे."

"असू दे ना. ती डब्याबरोबर पी. ही आत्ता घे, एकदम गार आहे."

केल्विननं बरणी घेतली, उजेडात धरली आणि म्हणाला, "ह्यातला कांदा वेगळा काढून मिळेल का?"

टॉड खिंकाळला. मर्व्ह पण हसला. हसू मलाही आलं, कारण केल्विन बोलतोच तसा. लायलही हसला आणि आपल्या टोकाला जाऊन बसला. केल्विननं ती बरणी बाकामागच्या भिंतीवर ठेवली आणि तशीच विसरला, किंवा विसरल्याचं दाखवलं. सुट्टी संपली, ट्रक सुरू झाला. लायल परत आला, भिंतीवरची बरणी उचलली. उन्हानं काच तापली होती. त्यानं कॉफी गटारात ओतली आणि माझ्या नळावर बरणी धुतली. मी दारात उभी होते, मला म्हणाला, "पाणी घेतलं हं, फोटी." दुसरी बरणी त्यानं पुन्हा कधी आणली नाही.

त्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही, आता पडतो. लायल आपल्या नंबरची कॉफी पाजत होता. त्याच्यापाशी जे होतं त्यातून, आणि ज्याला आधी द्यावंसं वाटलं त्याला. टॉड आणि मर्व्हच्या बरण्या नंतर आल्या असत्या. केल्विननं ती एक प्यायली असती तर पुढचं काहीच झालं नसतं, असं मला राहून राहून वाटतं.

फेब्रुवारीच्या शेवटी लायलनं राजीनामा दिला. अ‍ॅडलेडला राहायला जाणार म्हणाला. का, तर ग्लेनिसला शहर आवडतं. ग्लेनिस म्हणजे त्याची बायको. जिला गावचा बाजारसुद्धा गजबजलेला वाटायचा तिला म्हणे शहर आवडतं. गाव म्हणालं, बघा, कॅरव्हान नव्हे, फ्लॅट.

आमच्याकडे नोकरी सोडणारा माणूस शेवटच्या दिवशी सगळ्या डेपोला पाजतो. टोळीलाच नव्हे, कचेरीतल्या बायका, रस्ता सपाट करायचं ग्रेडर चालवणारा, भांडारवाला, सगळ्यांना. ती शेवटची कॉफी ज्याची त्यानंच पाजायची. तिथे दुसऱ्यानं हात घालायचा नाही. हे केल्विनला माहीत नव्हतं असं नाही. आदल्या संध्याकाळी तो दुकानात आला आणि फ्रिजसमोर उभा राहून म्हणाला, "उद्याला किती कार्टनं निघतील?"

"उद्या तर लायलचा दिवस ना?"

"तो नाही आणणार, फोटी. तुला पण माहितीये. आणि नाही आणली की सगळे त्याचं तोंड बघत बसतील. नव्या पोरांना तर चघळायला विषयच. माझ्या दोस्ताचा शेवटच्या दिवशी तमाशा नको मला." फ्रिजचं दार उघडून तो कार्टनं मोजायला लागला. "मी लवकर जाऊन वाटून टाकतो. सांगतो, लायलनंच सांगून ठेवली होती. त्यानं नाही का माझ्यासाठी अख्खा हिवाळा..."

 चार महिने तोंड फिरवून बसलेला हा माणूस शेवटी वळला, म्हणून मला इतकं बरं वाटलं की मी त्याला सगळी कार्टनं घाऊक भावानं दिली आणि वर त्याच्या गाडीत भरूही लागले.

दुसऱ्या दिवशी मी पेस्ट्यांचा ट्रे घेऊन डेपोत गेले. पत्र्याच्या शेडखाली सगळे जमले होते आणि प्रत्येकाच्या हातात कार्टन होतं. केल्विननं काम चोख केलं होतं. कचेरीतल्या बायका म्हणत होत्या, बघा, उगाच लोकांनी नावं ठेवली लायलला. केल्विन खांबाला टेकून उभा होता आणि कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा दिसत होता.

तेवढ्यात लायलची गाडी उलटी येऊन शेडमध्ये लागली. मागे त्याची निळी पेटी होती, मासे ठेवायची, मोठी. ती त्यानं एकट्यानं ओढून खाली घेतली आणि झाकण उघडलं. आत बर्फात बरण्या खचाखच. कांद्याच्या, जॅमच्या, सॉसच्या, मधाच्या, जिथून मिळतील तिथून जमवलेल्या. प्रत्येकीवर चिकटपट्टी आणि पट्टीवर नाव. मला नंतर बघायला मिळालं, कुणाला साखर किती लागते तेही प्रत्येक पट्टीवर होतं. इतक्या वर्षांत त्यानं तेवढ्यांच्या जिभा लक्षात ठेवल्या होत्या.

त्यानं वाकून पहिली बरणी काढली. "मर्व्ह, ही तुझी, बिनसाखरेची, नाही तर तुझी बायको मला..." असं म्हणत त्यानं वर बघितलं.

सगळ्यांच्या हातात कार्टनं. काहींची अर्धी संपलेली.

टॉडला देवानं उंची भरपूर दिली आणि तिथेच हात आखडता घेतला. त्यानं कार्टन उंच धरलं. "थँक यू रे लायल. केल्विननं सांगितलं, तू पाठवलीस म्हणून."

लायलनं केल्विनकडे बघितलं.  केल्विनचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता.

"हो," लायल म्हणाला. "गार आहेत ना?"

मर्व्हची बरणी त्यानं परत बर्फात खोचली आणि पेटीचं झाकण लावलं. एवढ्या माणसांत एकालाही हातातलं कार्टन खाली ठेवून पुढे व्हायचं सुचलं नाही. मीही ट्रे धरून ओंडक्यासारखी उभी राहिले. मग मर्व्हनं घसा खाकरून भाषण केलं आणि सगळ्यांनी वर्गणी काढून आणलेली भेट लायलला दिली. मासे धरायची नवीकोरी काठी. होडी विकून बसलेल्या माणसाला. लायलनं ती दोन्ही हातांनी घेतली आणि म्हणाला, फार सुंदर आहे.

दुपारी त्याची गाडी दुकानापुढे थांबली. मागे खुर्च्या, गाद्या, खोकी दोरीनं बांधलेली. पुढे ग्लेनिस बसली होती. मी हात केला, तिनं काचेआडून बोटं हलवली. तिचा चेहरा सुजलेला होता, आणि रंग कणकेसारखा. किती महिन्यांत मी तिला बघितलंच नव्हतं हे मला तेव्हा जाणवलं.

लायल निळी पेटी घेऊन आत आला. "फोटी, ह्या बरण्या वाया जातील. तुझ्या फ्रिजमध्ये ठेव आणि ज्याची त्याला देऊन टाक. विकू नकोस हं."

"लायल, काय चाललंय तुमचं? ग्लेनिसला काय झालंय?"

तो गाडीकडे बघत म्हणाला, "मूत्रपिंडं गेलीत तिची. दोन्ही. मशीन लावावं लागतं, एक दिवसाआड. ऑक्टोबरपासून काम सुटलं की तासाभरावरच्या इस्पितळात नेतोय-आणतोय, होडीचे पैसे पण त्यातच गेले. आता तिला तो प्रवास झेपत नाही."

"आणि एक शब्द बोलला नाहीस? गावानं काहीतरी केलं असतं रे."

"तेच तर नको होतं तिला. पैसे जमवायला पबमध्ये मटणाची सोडत काढली असती. ग्लेनिसच्या नावानं तिकिटं फाडली असती, तिचा फोटो बाटल्यांच्या मागे चिकटवला असता. तिनं मला शपथ घातली होती. आता मी तुला सांगितलंय ते पण तिला ठाऊक नाही."

"निदान केल्विनला सांगायचंस."

"केल्विनच्या पोटात राहिलं असतं का?"

हे खरं होतं. केल्विननं त्याच संध्याकाळी सोडतीची तिकिटं छापायला टाकली असती.

"त्यानं आज जे केलं ना," मी म्हटलं, "ते चांगल्या मनानं केलं. मला माहितीये. माझ्या इथूनच नेली त्यानं."

"कळतं मला ते." लायल पेटीतल्या बरण्या एकेक करून काउंटरवर ठेवत होता. "पण ती माझी शेवटची पाजायची वेळ होती, फोटी. रात्रभर ग्लेनिस पट्ट्यांवर नावं लिहीत बसली होती. बरं नसताना. तिला आता काय सांगू, लोक काय म्हणाले ते?"

 तो रिकामी पेटी उचलून गेला. ग्लेनिसनं त्याला काहीतरी विचारलेलं मला काचेतून दिसलं, आणि तो हसून मान डोलावत होता तेही.

मला तेव्हा दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली. एकाला तोंड उघडून सांगता आलं नाही, दुसऱ्याला विचारता आलं नाही, आणि दोघांनी दोस्ती सांभाळायला निवडलं काय, तर दूध आणि कॉफी.

केल्विन दुसऱ्या दिवशी आला. रात्रभर झोपला नसावा. मी फ्रिजमधून कांद्याची बरणी काढून त्याच्यापुढे ठेवली. पट्टीवर ग्लेनिसच्या थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, केल्व, दोन साखर. तो बराच वेळ ते वाचत राहिला. मग झाकण उघडलं आणि उभ्या उभ्या सगळी प्यायला.

"कांदा लागत नाही," तो म्हणाला.

मग मी त्याला सगळं सांगितलं. लायलनं मला शपथ घातली नव्हती, आणि घातली असती तरी मी मोडली असती. केल्विन दुधाच्या उलट्या क्रेटवर बसला आणि टोपी काढून तिच्यात बघत राहिला. एकदाच म्हणाला, "भिंतीवर ठेवली मी ती. उन्हात."

बाकीच्या बरण्या मी ज्याच्या त्याला पोचवल्या. कचेरीतल्या बायका तर कृती विचारायला परत आल्या. उरलेल्या उन्हाळ्यात गावात निम्म्या घरांतून कॉफीचा बर्फ जमू लागला आणि माझा खप चांगलाच घसरला. टॉडनं आपल्या बरणीत खिळे ठेवले. बाकावर आता तिघं बसतात, आणि लायलच्या टोकाला कुणी सरकत नाही.

केल्विन फोन करायचा. लायल उचलायचा, गोड बोलायचा. ग्लेनिस बरी आहे, हवा बरी आहे, फोन केलास बरं वाटलं. "शेजारच्या माणसाशी बोलतो तसा बोलतो गं," केल्विन मला म्हणायचा. "शिवी सुद्धा देत नाही."

मग केल्विननं घरी कॉफी करायला घेतली. पहिली माझ्याकडे चाखायला आणली, ती पाणचट. साधा बर्फ टाकला होता गाढवानं. दुसरी कडू. पूड उकळत ठेवली होती. मी म्हटलं, "लायल इतकं घसा फोडून सांगायचा, तेव्हा कान कुठे होते तुझे?" तो म्हणाला, "हसत होतो ना मी." ईस्टरच्या सुमाराला त्याला जमली. मीठ घातलेलं कळत होतं आणि कळतही नव्हतं, अगदी लायलच्या हातची. ती त्यानं त्याच कांद्याच्या बरणीत भरली, बर्फात खोचली आणि चार तास गाडी हाकत अ‍ॅडलेडला गेला. निघताना नवा शर्ट घातला होता. मी म्हटलं, सगळं नीट होईल, आणि मला तसंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकानात आला. हातात बरणी होती. ती काउंटरवर ठेवून तो उभा राहिला.

"भेटला?"

"भेटला. दार उघडून म्हणाला, अरे केल्व. आत घेतलं. ग्लेनिस आतल्या खोलीत झोपली होती, म्हणून हळू बोललो. फुटबॉलचं, नव्या ग्रेडरचं, मर्व्हच्या गुडघ्याचं."

"आणि कॉफी?"

"सगळी प्यायला. एका दमात. मस्त झालीये म्हणाला, मीठ विसरला नाहीस."

"बघ. मग?"

"मग मी म्हटलं, लायल, त्या दिवशी शेडमध्ये, आणि त्याच्या आधी ती भिंतीवरची... त्यानं मला पुढे बोलूच दिलं नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, सोड रे. फिट्टंफाट."

"अरे मग झालं की. असं तोंड कशाला केलंयस?"

 मी बरणी उचलून झाकण उघडलं. काच लखलखीत होती, ग्लेनिसची पट्टी निघाली होती, आणि आत साबणाचा वास येत होता.

"उठून त्यानं ती घासली," केल्विन म्हणाला. "मी म्हटलं राहू दे, तर नाही. झाकणसुद्धा घासलं. फडक्यानं कोरडी केली आणि दारापर्यंत येऊन माझ्या हातात दिली. म्हणाला, घेऊन जा, तुला लागेल." त्यानं माझ्या हातातून बरणी परत घेतली. "ठेवून घेतली असती ना फोटी, तर ती आणायला मला परत जावं लागलं असतं."